चार की आठ? एमजीबी जीटीच्या बॉनेटखालचा इतिहास

१/ जुनी स्पोर्ट्स कूपे बाळगणाऱ्याला आज ना उद्या एक प्रश्न पडतोच. बॉनेटखाली कोणते इंजिन ठेवायचे? कारखान्यातून आले ते, की त्याहून ताकदवान दुसरे? वरकरणी हा गॅरेजमधला प्रश्न आहे. पण एमजीबी जीटी या ब्रिटिश गाडीबाबत तो विचारला, की त्याची मुळे ऑक्सफर्डपासून अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनपर्यंत आणि तिथून थेट कोलकात्याच्या टॅक्सीपर्यंत पोहोचतात. त्या गुंत्याविषयीचा हा धागा. थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

२/ आधी नावाचा घोळ. भारतातल्या तरुण वाचकाला ‘एमजी’ म्हटले की २०१९ साली आलेली हेक्टर आठवते. ती नाममुद्रा आज चीनच्या सैक समूहाची आहे. मूळची ‘एमजी’ म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डमधले गाड्या विकणारे व दुरुस्त करणारे दुकान. त्याचा व्यवस्थापक सेसिल किंबर याने साध्या मॉरिस गाड्यांवर देखण्या बॉडी चढवायला सुरुवात केली आणि त्यातून स्पोर्ट्स गाड्यांचे एक घराणे उभे राहिले. १९२९ पासून हे घराणे ॲबिंग्डन या छोट्या गावात नांदले आणि १९८० मध्ये तिथेच संपले.

३/ त्या घराण्यातली सर्वांत यशस्वी गाडी म्हणजे एमजीबी. १९६२ च्या सप्टेंबरात ती उघड्या टपाची, दोन आसनी रोडस्टर म्हणून आली. १९६५ मध्ये तिला पक्के छप्पर मिळाले आणि ती ‘जीटी’ झाली. छपराची आणि मागच्या उघडणाऱ्या दाराची रेषा घडवण्यात इटलीच्या पिनिनफारिनाचा हात होता. पगारदार माणसाला परवडेल, पण हॉटेलच्या दारात उभी केल्यावर मान खाली घालावी लागणार नाही, अशी ही कूपे. ‘गरिबाची ॲस्टन मार्टिन’ हे तिचे टोपणनाव चेष्टेतले असले तरी अन्यायाचे नव्हते. १९८० पर्यंत रोडस्टर आणि जीटी मिळून पाच लाखांहून अधिक एमजीबी बनल्या. त्यांतल्या सव्वा लाखाच्या आसपास जीटी होत्या.

४/ आता इंजिन. एमजीबीत होते ते ‘बी-सिरीज’ नावाचे चार सिलिंडरचे, १७९८ सीसीचे इंजिन. ब्लॉक बिडाचा, हेडही बिडाचे. ताकद सुमारे ९५ अश्वशक्ती. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे हे हुकमी इंजिन १९५० च्या दशकात घरगुती गाड्यांसाठी तयार झाले. १९५५ च्या एमजीएमध्ये ते १४८९ सीसीचे होते. पुढे १५८८, मग १६२२ आणि अखेर १७९८ असे वाढत गेले. गंमत अशी, की या चारही टप्प्यांत पिस्टनचा पल्ला तोच राहिला, ८८.९ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेतीन इंच. वाढत गेली ती फक्त सिलिंडरची रुंदी. एकाच विहिरीचा घेर तीनदा वाढवावा आणि खोली तीच ठेवावी, तसे.

५/ आणि इथे भारतीय वाचकाने थांबावे. तेच १४८९ सीसीचे, साडेतीन इंच पल्ल्याचे बी-सिरीज इंजिन १९५० च्या दशकाअखेरीस हिंदुस्तान मोटर्सच्या ॲम्बॅसडरमध्ये आले. एमजीएमध्ये त्याला दोन कार्ब्युरेटर होते आणि ताकद सत्तरच्या आसपास. ॲम्बॅसडरमध्ये एकच कार्ब्युरेटर आणि ५५ अश्वशक्ती. पण रक्त एकच. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात बनलेल्या, मंत्र्यांना आणि मधुचंद्राच्या जोडप्यांना सारख्याच निर्विकारपणे वाहून नेणाऱ्या गाडीचे हृदय हे इंग्लंडमधल्या तरुणांच्या स्वप्नातल्या गाडीचे चुलत भावंड होते. (मुंबईची काळीपिवळी त्यात बसत नाही. प्रीमियर पद्मिनीचे कूळ इटलीच्या फियाटचे.)

६/ हे इंजिन थोर नाही, हे आधीच सांगितलेले बरे. त्याच्या हेडमध्ये चार सिलिंडरना मिळून पाचच वाटा आहेत: आत येणाऱ्या मिश्रणासाठी दोन, धूर बाहेर जाण्यासाठी तीन. शेजारशेजारचे सिलिंडर एकाच नळातून पाणी भरणाऱ्या बिऱ्हाडांप्रमाणे मिश्रण वाटून घेतात आणि वेग वाढला की ती वाटणी बिघडते. सुरुवातीच्या एमजीबीत क्रँकशाफ्टला तीनच बेअरिंग होती. १९६४ च्या अखेरीस ती पाच झाली आणि इंजिनाचा आवाज मवाळ झाला. ताशी १६० किलोमीटर ते गाठते, पण त्यापुढे फार उत्साह दाखवत नाही. त्याचा गुण वेगळा आहे. कमी फेऱ्यांवर ते मन लावून ओढते, रस्त्याच्या कडेला साध्या पान्यांनी उघडता येते आणि त्याचा जवळपास प्रत्येक सुटा भाग आजही नवा मिळतो. साठ वर्षांच्या गाडीबाबत ही शेवटची गोष्ट पहिली समजावी.

७/ जास्त ताकदीची हाव कारखान्यालाच आधी सुटली. १९६७ मध्ये ‘एमजीसी’ आली: तीच बॉडी, पण आत २९१२ सीसीचे सहा सिलिंडरचे इंजिन, सुमारे १४५ अश्वशक्तीचे. हे धूड चार सिलिंडरच्या इंजिनापेक्षा नव्वदहून अधिक किलोंनी जड होते. ते बसावे म्हणून बॉनेटला फुगवटा द्यावा लागला आणि पुढची सस्पेन्शन नव्याने आखावी लागली. नाक जड झाल्यामुळे गाडी वळणावर सरळ जायला पाही. समीक्षकांनी तिला झोडपले आणि १९६९ मध्ये, जेमतेम नऊ हजार गाड्यांनंतर, तिचा कारभार आटोपला. तत्कालीन युवराज चार्ल्स यांनी घेतलेली एमजीसी जीटी पुढे राजघराण्यातच राहिली. पण राजाश्रयाने वजन कमी होत नाही.

८/ खरी कथा आठ सिलिंडरच्या इंजिनाची आहे आणि ती अमेरिकेत सुरू होते. जनरल मोटर्सने १९६१ च्या छोट्या ब्यूक आणि ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी एक धाडस केले: २१५ घन इंचांचे, म्हणजे साडेतीन लिटरचे, संपूर्ण ॲल्युमिनियमचे व्ही-८. वजन सुमारे १४४ किलो. त्या काळच्या अमेरिकेत व्ही-८ म्हणजे दोन-तीन माणसांनीही न उचलणारी वस्तू. हे इंजिन त्या जमातीत पोरसवदा होते. पण त्याचे ओतकाम त्रासाचे निघाले. सच्छिद्र ब्लॉकमधून गळती व्हायची, बरेच ब्लॉक भंगारात जायचे. चुकीचे शीतक वापरले की ॲल्युमिनियम गंजून रेडिएटर तुंबायचा. तेवढ्यात पातळ भिंतींचे बिडाचे इंजिन स्वस्तात ओतण्याची कला साधली आणि १९६३ मध्ये जनरल मोटर्सने हा प्रकल्प गुंडाळला.

९/ टाकून दिलेल्या या इंजिनाचे पुढचे आयुष्य मात्र विलक्षण आहे. ऑस्ट्रेलियाच्या रेप्को कंपनीने ओल्ड्समोबिलचा तोच ॲल्युमिनियम ब्लॉक घेऊन त्यावर तीन लिटरचे शर्यतीचे इंजिन रचले आणि जॅक ब्रॅबहम याने १९६६ मध्ये त्याच्या जोरावर फॉर्म्युला वनचे विश्वविजेतेपद मिळवले, तेही स्वतःच्याच नावाच्या गाडीत. अमेरिकेने मोडीत काढलेला ब्लॉक तीन वर्षांत जगज्जेता झाला.

१०/ ब्रिटनमध्ये ते आले रोव्हरमार्फत. रूढ कथा अशी: रोव्हरचे व्यवस्थापकीय संचालक विल्यम मार्टिन-हर्स्ट विस्कॉन्सिनमध्ये मर्क्युरी मरीन या बोटींची इंजिने बनवणाऱ्या कंपनीत दुसऱ्याच कामासाठी गेले असता कार्यशाळेच्या जमिनीवर पडलेले हे इंजिन त्यांच्या नजरेस पडले. कथा छान आहे, म्हणूनच सांभाळून घ्यावी. रोव्हरच्या अमेरिकेतल्या कारभाराचे प्रमुख ब्रूस मॅकविल्यम्स यांना अमेरिकन व्ही-८ शोधण्याची परवानगी १९६४ च्या आरंभीच मिळाली होती. म्हणजे शोध योगायोगाचा असला तरी गरज आधीपासून ओळखलेली होती. बखरीत योगायोग उरतो आणि पत्रव्यवहार गळतो, हा अनुभव इतिहासाच्या वाचकाला नवा नाही. १९६५ च्या जानेवारीत हक्क रोव्हरकडे आले. मूळ इंजिनावर काम केलेले जो टर्ले हे निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे अभियंतेही सल्लागार म्हणून इंग्लंडला आले.

११/ रोव्हरने ओतकामाची पद्धत बदलली. वाळूच्या साच्यात ब्लॉक ओतून लोखंडी लायनर मागाहून दाबून बसवले आणि गळतीचा प्रश्न सुटला. मग १९६७ पासून हे इंजिन रोव्हरच्या सलून गाड्यांत, १९६८ मध्ये मॉर्गनमध्ये, १९७० मध्ये रेंज रोव्हरमध्ये गेले आणि लँड रोव्हरच्या गाड्यांत एकविसाव्या शतकापर्यंत टिकले. याला एक भारतीय उपकथानकही आहे. १९७६ ची रोव्हर एसडी-१ ही या व्ही-८ भोवती आखलेली गाडी १९८५ मध्ये मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने ‘स्टँडर्ड २०००’ या नावाने बनवायला घेतली, पण आत बसवले ते १९४० च्या दशकातल्या व्हॅनगार्डच्या वंशातले दोन लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन. रूप राजहंसाचे, चाल बदकाची. काही वर्षांतच तो प्रयोग बुडाला. इंजिनाची निवड चुकली की गाडीचे काय होते, याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

१२/ पुन्हा एमजीबीकडे. हे ॲल्युमिनियमचे व्ही-८ वजनाला बिडाच्या चार सिलिंडरच्या इंजिनापेक्षा किंचित हलकेच भरे. म्हणजे दुप्पट क्षमता, पण नाकावर ओझे नाही. एमजीसीचा शाप टळला. हे कारखान्याच्या आधी ओळखले केन कॉस्टेलो या शर्यतपटूने. १९७० च्या सुमारास त्याने एमजीबीत हे इंजिन बसवायला घेतले आणि अशा गाड्या विकल्याही. ब्रिटिश लेलँडच्या साहेबांनी त्याची गाडी मागवून पाहिली, आणि मग स्वतःच तशी गाडी बनवण्याचे ठरवले. हा क्रम लक्षात ठेवावा, पुढच्या युक्तिवादात त्याला महत्त्व आहे: रूपांतर आधी आले, ‘अस्सल’ नंतर.

१३/ कारखान्याची एमजीबी जीटी व्ही-८ ऑगस्ट १९७३ मध्ये बाजारात आली. ३५२८ सीसी, १३७ अश्वशक्ती, ताशी २०० किलोमीटर. कार्ब्युरेटर इंजिनाच्या मागच्या अंगाला सरकवल्यामुळे बॉनेटला फुगवटाही लागला नाही; कॉस्टेलोच्या गाड्यांना तो असे. पण किंमत २२९४ पौंड होती आणि फोर्डची तीन लिटरची कॅप्री त्याहून स्वस्त मिळे. दोनच महिन्यांनी, ऑक्टोबरात, अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि तेलाचे भाव कडाडले. रोव्हर आणि रेंज रोव्हर यांनाच इंजिने पुरत नसल्याने एमजीच्या वाट्याला कमी आली, असेही सांगितले जाते. १९७६ मध्ये गाडी बंद झाली तेव्हा एकूण आकडा होता २५९१. सव्वा लाख जीटींतल्या अडीच हजार.

१४/ म्हणजे आज एखाद्याच्या दारात चार सिलिंडरची एमजीबी जीटी असेल, तर प्रश्न असा उभा राहतो: तीच बॉडी, तेच कारखान्याने स्वतः वापरलेले इंजिन, वजनही तेच. मग का बसवू नये? युक्तिवाद गोंडस आहे आणि त्याचा पहिला दोष यांत्रिक आहे. व्ही-८ बसवणे म्हणजे फक्त इंजिन बसवणे नव्हे. कारखान्याने मागचा आस ३.९ वरून ३.०७ प्रमाणाचा केला, ब्रेकच्या चकत्या जाड केल्या, इंजिनाच्या कप्प्याच्या भिंती बदलल्या. १९७४ नंतरच्या, काळ्या रबरी बंपरच्या गाड्यांत हा कप्पा आधीच व्ही-८ च्या मापाचा असतो. क्रोमच्या बंपरवाल्या आधीच्या गाड्यांत मात्र पत्रा ठोकावा किंवा कापावा लागतो. मूळ गिअरबॉक्सला तो जोर फार काळ सोसत नाही, म्हणून बहुतेक रूपांतरांत रोव्हरचा पाच गतींचा गिअरबॉक्स येतो. धूर वाहून नेणाऱ्या नळ्या अडचणीच्या जागेत बसतात आणि कप्पा तापतो. एक निर्णय घेतला की पाठोपाठ सहा घ्यावे लागतात आणि प्रत्येक निर्णयासरशी १९६० च्या दशकातला काही भाग गाडीतून बाहेर पडतो.

१५/ दुसरा दोष इतिहासाचा आहे, आणि तो अधिक गंभीर. एमजीच्या या काळातल्या चासी क्रमांकांत दुसरे अक्षर इंजिनाचा वर्ग सांगते. चार सिलिंडरच्या जीटीचा क्रमांक ‘जीएचडी’ने सुरू होतो, एमजीसी जीटीचा ‘जीसीडी’ने, व्ही-८ चा ‘जीडी२डी१’ने. एच, सी आणि डी ही क्षमतेची चढती श्रेणी. म्हणजे कोणते इंजिन असावे, हे गाडीच्या जन्मपत्रिकेत लिहिलेले आहे. ‘एमजीबी जीटीला व्ही-८ मिळत असे’ हे विधान त्या मॉडेलविषयी खरे आहे. ‘या एमजीबी जीटीला व्ही-८ होते’ हे विधान या गाडीविषयी खोटे आहे. जातीचा इतिहास व्यक्तीला चिकटवण्याची ही चूक आहे. पेशवाईत घोडेस्वार होते म्हणून प्रत्येक कुळाचा मूळ पुरुष घोडेस्वार ठरत नाही.

१६/ ‘पण २५९१ खऱ्या गाड्या शिल्लक राहणारच, मग एखादी चार सिलिंडरची बदलली तर काय बिघडले?’ बिघडते ते असे. दुर्मीळ वस्तू लोक जपतातच. व्ही-८ च्या किमती चढ्या, तिच्या नोंदी चोख. धोक्यात असते ती सामान्य गाडी: १९६८ ची, पाच बेअरिंगची, दोन कार्ब्युरेटरची, एखाद्या शिक्षकाने किंवा बँकेतल्या कारकुनाने हप्त्यांनी घेतलेली. ब्रिटिश मध्यमवर्गाची युद्धोत्तर ऐपत किती होती, त्याला वेग म्हणजे काय वाटे, याचा पुरावा ती आहे. ताशी २०० किलोमीटर जाणारी गाडी तो पुरावा देत नाही. राजांच्या तलवारी संग्रहालयात पोहोचतात, कुणब्याचा नांगर जळणात जातो. मोटारींच्या जगातही हेच चालले आहे.

१७/ तरीही सोवळेपणाचा अतिरेक नको. काही गाड्यांना व्ही-८ हाच त्यांचा इतिहास आहे. कॉस्टेलोने १९७० च्या दशकात रूपांतरित केलेली गाडी आज ‘मूळ रूपात’ आणण्यासाठी कोणी तिच्यातून व्ही-८ काढत असेल, तर तो पुरावा नष्ट करतो आहे. तीच गोष्ट त्या काळात हौशी मालकांनी केलेल्या जुन्या रूपांतरांची. आणि ज्या गाडीचे मूळ इंजिन केव्हाच हरवले, बॉडीही १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेजने नव्याने ठोकलेल्या सांगाड्याची आहे, तिच्याकडून अस्सलपणाची अपेक्षा करण्यात अर्थ नाही. तिच्यात व्ही-८ खुशाल बसवावे. मात्र एमजीसीला हात लावू नये. तिचे जड इंजिन हाच तिचा सगळा विषय आहे. ते काढून व्ही-८ घातले की उरतो तो बॉनेटवरचा विनाकारण फुगवटा.

१८/ कायदा या वादात काय म्हणतो, हेही पाहण्यासारखे आहे, कारण दोन देशांत उत्तरे वेगळी आहेत. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला वार्षिक तपासणीतून सूट आहे, पण गेल्या तीस वर्षांत तिच्यात ‘लक्षणीय बदल’ झालेला नसावा. त्याच गाडीसाठी कारखान्याने देऊ केलेले पर्यायी इंजिन हा लक्षणीय बदल मानत नाहीत. सिलिंडरची संख्या बदलली तर मात्र शंका घ्यावी, असा संकेत आहे. एमजीबी जीटी नेमकी या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत उभी आहे. सिलिंडर बदलले, पण पर्याय कारखान्याचाच. वकिलांना आवडावे असे प्रकरण.

१९/ भारतात फट नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी; चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. ज्या हौशी भारतीय मालकाकडे अशी कूपे असेल, त्याने पान्याला हात घालण्याआधी हा नियम वाचावा. इतिहासाने नाही तर निदान परिवहन कार्यालयाने तरी त्याचा हात धरावा.

२०/ बिडाच्या इंजिनाविरुद्धचा एक आक्षेप मात्र खरा आहे. ब्रिटनमध्ये आणि भारतातही २००० सालाच्या आरंभी शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. शिशाचा थर जुन्या बिडाच्या हेडमधल्या झडपांच्या बैठकी राखत असे. तो गेल्यावर लांब, भरधाव प्रवासात त्या झिजतात. व्ही-८ च्या ॲल्युमिनियम हेडमध्ये कठीण धातूच्या बैठकी जन्मजात असतात. पण यावर उपाय सोपा आहे: हेड एकदा उतरवून कठीण बैठकी बसवून घ्याव्यात. बाहेरून काही दिसत नाही, इंजिनाचा क्रमांक तोच राहतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोलचेही तसेच. रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरचे सील बदलले की काम भागते. ज्याला थोडा अधिक जोर हवा, त्याने हेडच्या वाटा घासून घ्याव्यात, कॅमशाफ्ट बदलावा. साठच्या दशकातले मालकही हेच करत.

२१/ उरला विजेचा पर्याय. इंजिन काढून मोटर आणि बॅटऱ्या बसवणारी गॅरेजे आता पुष्कळ आहेत. २०१८ मध्ये ब्रिटिश राजपुत्राच्या लग्नात विजेवरची जग्वार ई-टाइप मिरवली आणि या प्रकाराला प्रतिष्ठा आली. जुन्या वाहनांची जागतिक संघटना ‘फिवा’ हिने मात्र अशा गाडीला ऐतिहासिक वाहन मानण्यास नकार दिला. संघटनेची २०१२ ची ट्युरिन सनद ही वास्तूंच्या जतनासाठीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर लिहिलेली आहे. तिचा गाभा दोन गोष्टींत आहे: बदल करावाच लागला तर तो कमीत कमी आणि शक्यतो परत फिरवता येण्यासारखा असावा, आणि त्याची नोंद राहावी. या कसोटीवर पाहिले तर पत्रा न कापता बसवलेली मोटर ही पत्रा कापून बसवलेल्या व्ही-८ पेक्षा कमी अपराधी ठरते. पेट्रोलच्या वासावर प्रेम करणाऱ्यांना हे कडू लागेल, पण तर्क तसाच जातो.

२२/ मग चार सिलिंडरची, मूळ इंजिन शाबूत असलेली जीटी हाती असलेल्या माणसाने करायचे काय? इंजिन ठेवायचे. ते थकले असेल तर त्याच ब्लॉकची पुनर्बांधणी करायची. व्ही-८ च्या पूर्ण रूपांतराला लागणाऱ्या पैशांच्या मानाने ते बहुधा स्वस्तच पडते. वेगाची भूक अनावर असेल तर ही गाडी विकून एखादे जुने, कोणीतरी आधीच केलेले रूपांतर घ्यायचे, किंवा १९९० च्या दशकातली आरव्ही-८ शोधायची. १९९५ पर्यंत बनलेल्या या सुमारे दोन हजार गाड्यांत ३९४६ सीसीचे तेच व्ही-८ आहे, पण ती उघड्या टपाची. त्यांतल्या बहुसंख्य तेव्हा जपानला गेल्या आणि आता पुन्हा ब्रिटनला परतत आहेत.

२३/ आणि एवढे सगळे वाचूनही ज्याचा व्ही-८ चा निश्चय ढळत नाही, त्याच्यासाठी एक किमान अट. रबरी बंपरची गाडी निवडावी, म्हणजे पत्रा कापावा लागणार नाही. नोंदणीपत्रात नवा इंजिन क्रमांक आणि क्षमता लिहून घ्यावी. ‘व्ही-८’चा कारखानी बिल्ला मागच्या दारावर लावू नये, लावला तर पुढचा विकत घेणारा फसतो आणि २५९१ चा आकडा कागदावर वाढू लागतो. उतरवलेले बी-सिरीज इंजिन भंगारवाल्याला न देता सिलिंडरांत तेल ओतून, तोंडे बंद करून, क्रमांकाची पट्टी न खरवडता लाकडी खोक्यात ठेवावे आणि गाडी विकताना ते खोके तिच्याबरोबर द्यावे.